तुम्ही विचारलंत म्हणून: काळी रम म्हणजे जुनी का?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी सव्वीस वर्षं केमिस्ट होतो, हे कळलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, सांगलीच्या एसटी स्टँडवर येतो, एकदा तर मर्तिकाहून परतताना आला. आवाज खाली करून विचारतात, "साहेब, पांढरी रम आणि ती जुनी, काळी, यांत खरा फरक काय? काळीच भारी ना?" इतकी वर्षं मी "रंगाचा" एवढं म्हणून पुढं चालू लागायचो. लोकांना वाटतं, साहेबाला अक्कड आहे. असेलही. पण कारण वेगळं आहे.

आधी विषय संपवतो. मळी म्हणजे काय, हे ऊसवाल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. गळीत हंगामात तो वास आपण सगळ्यांनीच घेतलाय. साखर काढून उरलेल्या त्या काळ्या मळीपासून उतरणारी प्रत्येक रम पाण्यासारखी पांढरी असते. प्रत्येक. रंग येतो तो नंतर, ओकच्या लाकडी पिंपातून नाहीतर कॅरॅमलच्या, म्हणजे जाळलेल्या साखरेच्या, कॅनमधून. पिंप साधारण दोनशे लिटरचं, बहुतेक वेळा अमेरिकेत बर्बन व्हिस्की मुरवून झालेलं, आतून जाळून कोळसा केलेलं. तो कोळसा कच्च्या दारूतला गंधकाचा उग्र वास ओढून घेतो, लाकूड व्हॅनिलाचा वास आणि तुरटपणा देतं, फळ्यांमधून हवा आत शिरते, आणि आम्लं व अल्कोहोल मिळून फळांच्या वासाची एस्टर तयार होतात. याची किंमत पण मोजावी लागते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के माल उडून जातो. कॅरिबियनच्या उन्हात सहा टक्के धरलात तरी सात वर्षांनी दोनशे लिटरचे एकशे तीसच उरतात. उडालेल्या सत्तर लिटरचे पैसे तुमच्या बिलात असतात.

आता पांढरी. काही पांढरी रम स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत जाते. पण काही पिंपात मुरते आणि मग कोळशातून गाळून तिचा रंग काढून टाकतात. 1862 साली क्यूबातल्या सांतियागोमध्ये फाकुंदो बाकार्दीनं धंदा उभा केला तो अशाच कोळशातून गाळलेल्या हलक्या रमवर. प्वेर्तो रिकोत तर रम निदान एक वर्ष पिंपात राहायलाच लागते, पांढरी असली तरी. म्हणजे पांढरी बाटली काळीपेक्षा वयानं मोठी असू शकते आणि काळी कालपरवाची असू शकते. झालं. उत्तर एवढंच.

हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं ते 1997 साली, साताऱ्याजवळ मामांच्या गावी, यात्रेच्या रात्री.

आमचे थोरले मामा सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्या भागात घर सांगताना आडनावाआधी पलटण सांगतात. मामांच्या फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली रम लोखंडी ट्रंकेत असायची, वर्षातून तीनचारदा निघायची. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असायचं; मामा "पंचाहत्तर डिग्री" म्हणायचे, आणि ते जुन्या इंग्रजी मापात बरोबरच होतं. स्टीलच्या ग्लासात दोन बोटं रम, वर गरम पाणी, मग लडाखची गोष्ट. बर्फातली चौकी, संध्याकाळी मगात मोजून मिळणारी रम, रांगेत उभे असलेले बारा जण. बारांची नावं ते दरवेळी घ्यायचे. आणि शेवटी, "ही सात वरीस लाकडात निजलेली हाय बाबा. पांढरी ती नुसती दारू."

मी सव्वीस वर्षांचा, अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा कोर्स नुकताच पदरात पडलेला. म्हणालो, "मामा, रंगावर जाऊ नका. पाच मिनिटांत सात वर्षं करून दाखवतो."

मावसभावानं दुबईहून पांढऱ्या रमची बाटली आणली होती. मी सैपाकघरात जाऊन मामींच्या कढईत वाटीभर साखर टाकली. ती विरघळली, सोनेरी झाली, तांबडी झाली, फेसाळली, डोळ्यांत धूर गेला. पार काळी झाल्यावर पाण्याचा हबका मारला तशी कढई फुत्कारली. मामी ओरडल्या, "कढईचं वाटोळं केलंस की रं!" त्या काळ्या पाण्याचे थोडे थेंब पांढऱ्या रममध्ये टाकले. हुबेहूब.

दोन ग्लास मामांपुढं ठेवले. "यातली तुमची कुठली?"

त्यांनी दोन्हींचा वास घेतला. एकेक घोट घेतला. बराच वेळ थांबले. मग दुसऱ्या ग्लासाला बोट लावलं. "ही."

ती माझी होती. पोरं खदखदून हसली. कुणीतरी म्हणालं, "सुभेदार गंडले!" तिथं मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. दहा मिनिटं कॅरॅमलवर बोललो.

मामा म्हणाले, "शिकलास बाबा." ग्लासातली रम संपवली, मोरीवर जाऊन ग्लास विसळला आणि फळीवर पालथा घातला. त्यानंतर मी गेलो की चहा व्हायचा. ट्रंक माझ्यासमोर परत उघडली नाही. 2009 मध्ये ते गेले.

माझी बाजू सांगायची तर, मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. कॅरॅमल घालतात, जगभर घालतात. पण चांगल्या मुरलेल्या रममध्येही घालतात, दर बाटलीचा रंग सारखा यावा म्हणून. कॅरॅमल आहे म्हणजे पिंप नाही, असं कुठं आहे? सव्वीस वर्षांच्या त्या केमिस्टला हे ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात त्यानं ते गाळलं.

मामा गेल्यावर वर्षभरानं मामींनी काकवी दिली, ती त्याच दुबईच्या बाटलीत. त्या बाटल्या टाकत नाहीत. घरी काकवी संपल्यावर बाटली धुताना अर्धवट निघालेल्या लेबलावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली: ओकच्या पिंपात मुरवलेली, कोळशातून गाळलेली. म्हणजे मी कच्ची समजून जी रंगवली, ती लाकडातून आलेलीच होती. मामांच्या जिभेला लाकूडच लागलं असेल.

किंवा नसेलही. दोन ग्लास ठेवून एकदाच विचारलं तर डोळे झाकून बोट ठेवणाराही निम्म्या वेळा बरोबर येतो. लॅबमध्ये असली चाचणी कुणी करून आणली असती तर मी कागद फाडला असता. त्या रात्री ना मी काही सिद्ध केलं, ना मामा चुकले. हे त्यांना सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तरी ट्रंक उघडली असती असं नाही.

म्हणून विचारलंत की मी "रंगाचा" म्हणतो आणि निघतो.

मागच्या यात्रेला मामांचा नातू दोन ग्लास घेऊन आला. तोही आता फौजेत आहे. "काका, तुम्ही त्यातले. ओळखा बघू, कॅन्टीनची कुठली?" ओट्यावर पोरं जमली. मामी उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. मी म्हणालो, पित्ताचा त्रास आहे. थोड्या वेळानं मामी उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.