तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट कसं व्हायचं?

‘बारावी झाली, आता फॉरेन्सिक सायकॉलॉजीला (पोलिस-कोर्टाच्या कामातलं मानसशास्त्र) कुठे जाऊ?’ निकाल लागले की हा प्रश्न येतोच. उत्तराने थोडा हिरमोड होईल: आपल्याकडे या नावाचा वेगळा परवानाच नाही. खटला चालवण्याइतकं आरोपीचं मन ठिकाणावर आहे का, अशी शंका आली की न्यायदंडाधिकारी त्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवतात आणि तिथून तो मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जातो. कायद्यात नाव आहे ते यांचं. तेव्हा आधी क्लिनिकल व्हा.

मानसशास्त्रात पदवी, मग एम.ए. किंवा एम.एस्सी., मग आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण. इतकी वर्षं ते दोन वर्षांचं एम.फिल. होतं, आता ते बंद होत चाललंय, नवे अभ्यासक्रम येताहेत. म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमाचं नाव पाहा. नुसती संस्था मान्यताप्राप्त असून भागत नाही. आणि ‘घरबसल्या एम.ए.’ विसरा; यूजीसीने दूरस्थ मानसशास्त्राचे नवे प्रवेश 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवलेत.

प्रयोगशाळेची वाट वेगळी. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ‘वैज्ञानिक सहायक (मानसशास्त्र)’ असं पद असतं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक संकुल गोव्यातही आहे. प्रयोगशाळेतलं मुख्य काम पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरली जाणारी चाचणी: छाती-पोटाला श्वासाच्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम मोजणारे इलेक्ट्रोड. यंत्र शिकणं सोपं. कस लागतो तो चाचणीआधीच्या मुलाखतीत. तिथे प्रत्येक प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर फक्त हो किंवा नाही. चौकशीत रात्रभर जागवलेला माणूस समोर बसवला की आलेख वाया. हत्यार कुठलं हे पोलिसांनी आधीच बोलून टाकलं असेल, तर त्यावरचा प्रश्नही वाया. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालापासून संमतीशिवाय चाचणी नाही, आणि संमती असली तरी निष्कर्ष हा पुरावा नव्हे.

आमच्या मते सर्वांत नाजूक काम बाल न्याय मंडळासमोरचं. 16 ते 18 वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्या क्षमतेचं आणि परिणामांच्या जाणिवेचं प्राथमिक मूल्यांकन, तेही तीन महिन्यांत. नवखे लोक बुद्ध्यांक 100 लिहून ‘परिणामांची जाण आहे’ असं ठोकून देतात. बुद्ध्यांकावरून एवढं कळत नाही. त्याहून वाईट वाक्य म्हणजे ‘मुलाने गुन्हा केल्याचे दिसते’. मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, हे बाल न्याय कायद्याच्या कलम 15 मध्येच लिहिलंय.