माया

परवा लेकीसाठी बाजारातून तयार ब्लाऊज आणला. सवयीने उलटा करून पाहिला, तर आत मायाच नाही! शिलाईला लागून कापड कातरलेलं आणि वर ओव्हरलॉक. अंगाला घट्ट झाला की संपला. आई असती तर तिने तो दोन बोटांत धरून नुसतं "हं" केलं असतं.

आई बार्शीत बायकांचे कपडे शिवायची. खिडकीशी काळं उषा मशीन, त्यावर सोनेरी नक्षी. पायडल सुरू झालं की अण्णा म्हणायचे, "निघाली बार्शी लाइट!" कुर्डुवाडीहून येणारी ती नॅरोगेज गाडी १८९७ सालची. वेगात आईचं मशीन केव्हाही पुढे.

माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. आई हा शब्द मीठ-मिरची म्हणावं इतक्या सहज वापरायची. ब्लाऊजच्या बगलेत ती पाव-पाव इंचावर तीन टिपा मारायची. आतली एक उसवली की दोन्ही बगलांचे पुढचे-मागचे चार पाव मिळून अख्खा इंच सुटतो. बाळंतपणानंतर एखादी लाजत ब्लाऊज घेऊन यायची. आई ब्लेडने टीप उसवून द्यायची आणि पैसे पुढे केले की म्हणायची, "शिवतानाच घेतलेत की."

खरी गंमत कापड बेततानाची. ब्लाऊजपीस ८० सेंटीमीटरचा, बाई अंगाने भरलेली, आणि तिला बाह्या कोपरापर्यंत हव्या! आई सतरंजीवर कापड पसरून खडू हातात धरून बसायची. कागदी बाही उभी ठेव, आडवी ठेव, मुंढ्याच्या खोलगटीत सरकव. तेवढा वेळ आम्ही भूक लागली असंही म्हणायचं नाही. खणाच्या चोळीत दोन्ही बाह्यांवरचा काठ एका रेषेत आला नाही, तर शिवलेली बाही ती पुन्हा उसवायची. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नसतं.

खणाचे उरलेले तुकडे उशीच्या अभ्र्यात जमायचे आणि त्यांतून आळीतल्या प्रत्येक बाळाची कुंची व्हायची. हिरव्याशेजारी जांभळा, मधे मोहरीएवढी पिवळी पट्टी. कुंचीत मात्र ती माया ठेवायची नाही. "चार महिन्यांत बाळ मोठं होतं गं, मग ती पुढच्या घरी जाते."

आमच्या दोघी बहिणींच्या फिया या मशीननेच भरल्या. दिवाळीत गावाचे कपडे संपले की नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमचे फ्रॉक व्हायचे, आणि तिचा स्वतःचा ब्लाऊज तुळशीच्या लग्नापर्यंत लांबायचा. तेव्हा आम्हाला याचं फार कौतुक वाटायचं. आता राग येतो, थोडा तिचा आणि बराचसा आमचा. काजं करायला, हूक लावायला आम्हाला येत होतं. तरी बसायचो फटाके मोजत.

माझ्या लग्नातला ब्लाऊज तिनेच शिवला. शालूवर दुसरा शोभतच नाही, म्हणून अजून तोच घालते. भाच्याच्या मुंजीत पहिली टीप उसवली, गेल्या महिन्यात दुसरी. आता तिसरीच उरली आहे. मी जिलबी बंद केली आहे.