कानात दडे बसले, एवढंच

कान-नाक-घशाच्या ओपीडीत निम्मा वेळ लोकांनी घरी करून घेतलेले घोटाळे निस्तरण्यात जातो. काडीवरून सुटून आत राहिलेला कापूस, हेअरपिनने ओरखडलेली नळी, नाक मोकळं करणारा स्प्रे महिनोन्‌महिने मारून कायमचं चोंदलेलं नाक. म्हणून सगळं नीट केलेला पेशंट समोर आला की बरं वाटतं. हे गृहस्थ तसे होते.

"डाव्या कानात दडे बसलेत. मळ आहे, तेवढा काढून द्या," म्हणाले. नऊ दिवसांपूर्वी सकाळी फोन डाव्या कानाला लावला तर आवाज येईना. फोन बिघडला असं वाटलं. उजव्या कानाला लावला तर व्यवस्थित. सर्दी होतीच, त्यामुळे कान बसला असणार, असं घरच्यांचंही मत पडलं.

मग त्यांनी काय काय केलं, ते मी जवळजवळ कौतुकाने ऐकत होते. ऑलिव्ह तेलाचे थेंब, तेही बाटली मुठीत धरून अंगाइतके कोमट केलेले, कारण थंड थेंबांनी गरगरतं हे त्यांना ठाऊक होतं. कुशीवर पाच-दहा मिनिटं पडून राहायचं. कान पूर्वी कधी फुटलेला किंवा वाहिलेला नाही, याची खात्री आधीच केलेली. कानात काडी नाही, पिन नाही. नाकासाठी उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ, पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून. स्प्रे पाचव्या दिवशी बंद. मधे एका डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि सांगितलं, "मळ दिसतोय, थेंब चालू ठेवा."

यातलं काहीच चूक नव्हतं. मी स्वतः लोकांना हेच सांगते. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नख वाढतं त्या गतीने, आणि मळ या सरकत्या पट्ट्यावरून आपोआप बाहेर येतो. मळ तयार होतो तो नळीच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात. पडद्याला टेकलेला मळ बहुतेक वेळा कुणीतरी काडीने आत ढकललेला असतो. थोडक्यात, कानाला काही करू नका, हा माझ्या सल्ल्याचा गाभा. तो या माणसाने तंतोतंत पाळला होता.

माझ्या खिशात ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क असतो. ऐकणं मोजणारं यंत्र, ऑडिओमीटर, असताना हे शाळेच्या प्रयोगशाळेतलं हत्यार कशाला, म्हणून बरोबरीचे हसतात. नवे रेसिडेंट तर तो परीक्षेपुरता हातात घेतात. हसू देत. ऑडिओमेट्रीच्या खोलीपाशी रांग असते आणि फोर्कला अर्धं मिनिट लागतं. कोपरावर आपटायचा, कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, आवाज कुठल्या बाजूला येतोय? मळाने कान खरोखर बंद असेल तर हाडातून जाणारा आवाज त्या बंद कानातच मोठा ऐकू येतो. खरं वाटत नसेल तर आत्ता एका कानावर बोट दाबा आणि तोंड मिटून "म्‌ऽऽ" करा.

"उजवीकडे," ते म्हणाले.

पुन्हा लावला. "उजवीकडेच. डावा बंद आहे ना." त्यांना ते इतकं उघड वाटत होतं की माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं असावं.

मळ होता. पण नळी पूर्ण बुजेल एवढा नव्हता, वरच्या कडेला फट दिसत होती. केसभर फट असली तरी बहुतेक ऐकू येतं. तरी मायक्रोस्कोपखाली सक्शनने काढला. हे काम मला मनापासून आवडतं. तेलाने मऊ झालेला मळ कडेने सोडवत न्यायचा, कानाच्या आतल्या हाडाच्या भागाला शक्यतो सक्शनचं टोक लागू द्यायचं नाही, कारण तिथली कातडी कागदासारखी पातळ आणि भयंकर दुखरी. मधे त्यांना खोकला आला. व्हेगस नसेची एक फांदी कानात येते, तिला धक्का लागला की काहींना येतो. पडदा दिसला: राखाडी, चकचकीत, मागे पाणी नाही, सूज नाही. एखाद्या निरोगी माणसाचा असावा तसा.

त्यांनी कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली. "अजून तसंच आहे."

ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, डाव्या कानाची रेघ खाली कोसळलेली होती. फोर्कचा आवाज चांगल्या कानाकडे गेला तो याचमुळे: अचानक आलेला नसेचा बहिरेपणा. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रीक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट, अशी त्याची व्याख्या आहे. बहुतेकांत कारण सापडत नाही. स्टिरॉइड देतात, जितकं लवकर तितकं बरं, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. साखर तपासून त्याच दिवशी सुरू केलं, एमआरआय लिहून दिला.

"मग तेल घालत बसायला नको होतं का?" त्यांनी विचारलं.

तेलाने काही बिघडलं नाही, हे मी सांगितलं आणि ते खरं आहे. वाया गेले ते मधले दिवस. पण दुसऱ्या दिवशी आले असते तर पूर्ण ऐकू आलं असतं, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बऱ्याच जणांचं उपचारांशिवायही काही अंशी परत येतं, काहींचं लगेच उपचार करूनही येत नाही. त्यांचे खालचे सूर परतले, वरचे नाहीत. बारीक शिट्टी राहिली आहे.

मला छळतं ते वेगळंच. काडीने कान कोरणारा माणूस दुखायला लागलं की धावत येतो. हा शहाणा होता म्हणून थांबला. आणि बॅटरी मारणाऱ्या त्या डॉक्टरांनी मळ दिसला तिथेच विचार थांबवला. मळ काय, शोधला तर पुष्कळांच्या कानात सापडेल.

घरच्या काळजीच्या आमच्या पत्रकात मी आता एक ओळ घातली आहे: एका कानात अचानक दडे बसले तर तोंड मिटून गुणगुणा. आवाज चांगल्या कानाकडे गेला, कान वाजू लागला किंवा भोवळ आली, तर थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. बंद कानाकडे गेला तरी दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर या. विभागातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, यामुळे लोक घाबरतील आणि मळवाल्यांची गर्दी वाढेल. वाढू दे. मळ काढायला पाच मिनिटं लागतात.