विटेटची मुंबई एका दिवसात: गेटवेपासून सुरुवात करू नका

विटेट म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार. आधी पैशांचं सांगते. गेटवेवर एका गाइडने आम्हा दोघींकडून आठशे रुपये घेतले आणि "१९११ला राजा याच कमानीतून आत आला" असं ठोकून दिलं. साफ चूक. पंचम जॉर्ज उतरला तेव्हा इथे नुसता पुठ्ठ्याचा नमुना उभा होता. पायाभरणी १९१३ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४चं. गाइड करूच नका.

मी निघाले होते ते जॉर्ज विटेटच्या इमारती बघायला. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथॉलचा हा माणूस १९०४ला जॉन बेगच्या हाताखाली मुंबईत आला (बेगही स्कॉटिशच, जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, त्याचं) आणि परत गेलाच नाही. त्याला समजून घ्यायचं तर सुरुवात प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमपासून (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) करा. १९०९ची स्पर्धा जिंकून त्याने ते बांधलं. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट, कुर्ल्याचा दगड. मधल्या दालनात मात्र पाच मिनिटं नुसतं उभं राहा. नाशिकच्या एका वाड्यातलं खांब-कमानींचं अख्खं लाकूडकाम त्याने तिथे गोलाकार बसवलंय. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आपला वाडा इतका कळावा! मला भरून आलं.

त्यानेच आखलेलं बॅलार्ड इस्टेट सावलीतून छान झालं.

खरा त्रास परळला. केईएम हॉस्पिटलही त्याचंच. तिथून आचार्य दोंदे मार्गाने शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीपर्यंत आम्ही एप्रिलच्या तीनच्या उन्हात चालत गेलो. नकाशात अंतर किरकोळ दिसतं, त्याला भुलू नका. फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक चटया टाकून बसलेले, कुणाच्या उशाशी एक्सरेचं पाकीट, कुणाचा डबा उघडलेला. त्यांना ओलांडून जाणं बरं वाटेना, म्हणून सगळं अंतर रस्त्यावरून, बसच्या आरशांपासून खांदा वाचवत. हा टप्पा चालू नका. हार्बर लाइनच्या लोकलने थेट शिवडीला उतरा.

केईएम १९२६ला सुरू झालं आणि त्याच वर्षी विटेट मुंबईतच आमांशाने गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. पुरलंय त्याला शिवडीलाच. तासभर शोधून मला कबर सापडली नाही, डोकं उन्हाने ठणकत होतं. तुम्ही जाल तर हिवाळ्यात जा, शिवडी सकाळी आधी उरका, दोन बाटल्या पाणी ठेवा आणि फोर्ट दुपारनंतर करा. मी जानेवारीत पुन्हा जाणार आहे, फुलं घेऊन.