एका संख्येचा फरक

दिलेली संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवणाऱ्या आमच्या प्रोग्रामची तपासणी माझ्याकडे होती आणि त्या दिवशी २ च्या ३२ व्या घातापर्यंतच्या सर्व मूळ संख्या दोन निरनिराळ्या मार्गांनी मोजायच्या होत्या. लहान मूळ संख्यांच्या पटी क्रमाने खोडत जाणाऱ्या एराटोस्थेनिसच्या चाळणीने २०,३२,८०,२२१ हा आकडा दिला. अवयव न शोधता घातांच्या बाकीवरून निर्णय देणाऱ्या मिलर-रॅबिन चाचणीवर आधारलेल्या आमच्या प्रोग्रामने मात्र २०,३२,८०,२२२. वीस कोटींत एकाचा फरक! ‘यंत्राची चूक असेल, पुन्हा चालवून बघ,’ असे सहकारी म्हणाला. पुन्हा चालवले, तरी ती एक संख्या जास्तच राहिली.

मग एकेक कोटीचे टप्पे पाडून दोन्ही मोजण्या ताडून पाहिल्या. ३२१ कोटींपर्यंत सारे जुळले आणि पुढच्याच टप्प्यात गुन्हेगार सापडला: ३,२१,५०,३१,७५१. शेवटचा अंक १, अंकांची बेरीज २८, म्हणजे २, ३, ५ यांनी भाग जाण्याचा प्रश्नच नव्हता. क्रमाने भागत गेल्यावर १५१ ने मात्र तिला निःशेष भाग गेला आणि उरलेली २,१२,९१,६०१ ही संख्या ७५१ व २८,३५१ यांचा गुणाकार निघाली.

तीन सरळ मूळ अवयव असलेली ही संख्या आमच्या चाचणीतून सुटली कशी, याने मला दुपारभर खिळवून ठेवले. संख्येतून एक वजा करून निम्मे केले की १,६०,७५,१५,८७५ येतात. हा घात निवडलेल्या एखाद्या लहान संख्येला, म्हणजे पायाला, देऊन संख्येने भागल्यावर बाकी १ किंवा संख्येपेक्षा एकाने कमी आली, तर चाचणी तिला मूळ मानते. आम्ही २, ३, ५, ७ हे पाये घेतले होते. २ आणि ५ वर बाकी १ आली, ३ आणि ७ वर ३,२१,५०,३१,७५०. चारही उत्तरे निर्दोष दिसत होती.

कागदावर अवयव मांडले तेव्हा कारण उमगले. प्रत्येक अवयवातून एक वजा केल्यावर येणाऱ्या १५०, ७५० आणि २८,३५० या तिन्हींनी ३,२१,५०,३१,७५० ला पूर्ण भाग जातो. म्हणजे १८९९ मधल्या कोर्सेल्टच्या कसोटीनुसार ही कारमायकेल संख्या आहे आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या कोणत्याही पायावर फर्माची साधी चाचणी, म्हणजे पायाला संख्येपेक्षा एकाने कमी घात देऊन बाकी १ येते का एवढेच पाहणे, फसते. मिलर-रॅबिन अधिक कडक असते, कारण तिथे तिन्ही अवयवांनी भागल्यावर बाकी सगळीकडे १ किंवा सगळीकडे उणे १ (म्हणजे अवयवापेक्षा एकाने कमी) यावी लागते. अधिक-उण्याच्या आठ शक्यतांपैकी अशा दोनच, म्हणजे असे एक चतुर्थांश पाये तिच्या बाजूने खोटी साक्ष देतात. सिद्धान्तानुसार याहून अधिक पाये कोणत्याच मोठ्या विषम संयुक्त संख्येला फितूर होऊ शकत नाहीत, आणि आमचे चारही नेमके त्याच गटात होते! पाया ११ घेताच १५१ वर बाकी १ आली, उरलेल्या दोन अवयवांवर उणे १, आणि सोंग उघडे पडले.

पॉमेरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ या गणितज्ञांनी १९८० मध्येच दाखवले होते की या चार पायांना फसवणारी २५ अब्जांच्या आत ही एकच संख्या आहे. हे आधी वाचायला हवे होते, असे मला मनापासून वाटले. मी पाये बदलून २, ७ आणि ६१ घेतले, जे ४,७५,९१,२३,१४१ च्या खालच्या प्रत्येक संख्येला पुरतात, आणि मोजणी पहिल्यापासून लावली. संध्याकाळी दोन्ही रकान्यांत २०,३२,८०,२२१ उभे होते.