पाळी जाण्याआधीची वर्षे

रजोनिवृत्तीची वैद्यकीय व्याख्या मागे वळून केलेली आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही, की जी आली होती ती शेवटची होती असे मानायचे आणि रजोनिवृत्ती त्या तारखेला झाली असे धरायचे. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडते. व्याख्या डॉक्टरांच्या सोयीची आहे, परंतु तिच्यामुळे एक समज पक्का होतो: जो काही त्रास व्हायचा तो पाळी गेल्यावर होणार, आणि पाळी येत आहे तोवर जे होते आहे त्याचे कारण दुसरे काहीतरी असणार. प्रत्यक्षात अनेकींचा सर्वांत कठीण काळ पाळी थांबण्याआधीचा असतो. तो सरासरी चार वर्षे चालतो, मात्र कुणाचा काही महिन्यांत आटोपतो तर कुणाचा आठ-दहा वर्षे रेंगाळतो. माझी झोप मोडू लागली, विनाकारण चिडचिड आणि छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा पाळी अगदी वेळेवर येत होती. त्यामुळे या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे घरात कुणालाच वाटले नाही.

हा संबंध समजण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे १० ते २० लाख बीजपुटिका, म्हणजे प्रत्येकी एक बीज धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, असतात. वयात येईपर्यंत त्यांतल्या ३ ते ४ लाख उरतात, आणि पाळी थांबते त्या सुमारास जेमतेम हजारभर. साठा संपत आला की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक (हार्मोन) वाढवून बीजांडकोशावरचा रेटा वाढवते. उरलेल्या पुटिका या रेट्याला कधी थंडपणे दाद देतात, तर कधी गरजेपेक्षा जास्त. म्हणूनच या वर्षांत इस्ट्रोजेन हे बीजांडकोशांत तयार होणारे मुख्य स्त्री-संप्रेरक उतारावरून घसरावे तसे संथपणे कमी होत नाही. एखाद्या महिन्यात ते पूर्वीपेक्षाही वर जाते आणि पुढच्याच महिन्यात कोसळते. या काळातला बराचसा त्रास कमतरतेचा नसून या चढउताराचा असतो, असे मला वाटते.

ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात अस्तराची वाढ आवरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते, आणि मग एकदम इतके अंगावरून जाते की तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागते. ‘या वयात असे होतेच’ म्हणून हे सोसत राहण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकलेला थकवा पुष्कळदा लोह आणि हिमोग्लोबिन उतरल्याचा असतो. तसेच धडधड, घाम, वजनातला बदल आणि चिडचिड ही लक्षणे थायरॉइडच्या विकारातही दिसतात, त्यामुळे ती रक्ततपासणी या वयात करून घ्यावी. एफएसएचची तपासणी मात्र पंचेचाळिशीनंतर सहसा उपयोगाची नसते, कारण तो आकडा या वर्षांत सतत वरखाली होतो आणि एका दिवसाच्या रक्तावरून काहीच ठरत नाही. वयाच्या चाळिशीआधी पाळी लांबू किंवा थांबू लागली तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा तपासणी अत्यावश्यक असते, आणि इस्ट्रोजेनअभावी हाडांचे व हृदयाचे नुकसान लवकर सुरू होऊ नये म्हणून नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

मला सर्वांत उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली, रक्तस्राव किती होता, रात्री किती वेळा जाग आली आणि वाफा केव्हा आल्या, एवढेच मी लिहीत असे. डॉक्टरांनी माझे लांबलचक वर्णन थांबवून ती वही मागितली, पाच मिनिटे चाळली आणि म्हणाल्या, “अहो, यात सगळे आलेच आहे की.”

वाफा येणे म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवलेले नाही त्यांना ते नुसते उकडणे वाटते. तसे ते नसते. माझ्या बाबतीत आधी क्षणभर एक विचित्र अस्वस्थता येते, जणू काहीतरी वाईट घडणार आहे. मग छातीच्या मध्यभागातून उष्णता वर चढते, मान आणि कान तापतात, चेहरा लाल होतो, वरच्या ओठावर आणि केसांच्या मुळाशी घाम फुटतो, आणि दोन-चार मिनिटांत सगळे ओसरल्यावर ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. शरीराचे तापमान खरोखर फारसे वाढलेले नसते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग तापमानातला जो लहानसा फरक एरवी चालवून घेतो, तो इस्ट्रोजेन घटल्यावर त्याला खपेनासा होतो, आणि किंचित ऊब वाढताच तो अंग थंड करण्याची सारी यंत्रणा सुरू करतो. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या ‘स्वान’ या पाहणीत वारंवार येणाऱ्या वाफांचा एकूण कालावधी मध्यम हिशेबाने ७.४ वर्षे निघाला. ज्यांच्या वाफा पाळी चालू असतानाच सुरू झाल्या त्यांच्या बाबतीत तो आणखी लांबला. ‘सहा महिने कळ काढा, आपोआप जाईल’ हा सल्ला या आकड्यापुढे टिकत नाही.

सुती आणि एकावर एक घातलेले कपडे, हाताशी पंखा, मद्य आणि धूम्रपान टाळणे, वजन जास्त असल्यास ते उतरवणे, यांनी थोडाफार फरक पडतो. याहून भक्कम पुरावा आहे तो वर्तन आणि विचारांवर काम करणाऱ्या सीबीटी या उपचारपद्धतीचा. तिने वाफांची संख्या फारशी घटत नाही, परंतु त्यांचा जाच कमी होतो आणि झोप सुधारते. झोप सुधारली की निम्मे काम होते, कारण रात्रीचा घाम, मोडलेली झोप, दिवसाची चिडचिड आणि नाव-शब्द ऐनवेळी न आठवणे ही एकाच साखळीतली कडी असतात. विसराळूपणाने अनेकजणी घाबरतात. हा बहुतेकींच्या बाबतीत या संक्रमणापुरता असतो आणि तो स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसतो. उदासी मात्र आठवडेच्या आठवडे टिकली तर तिला ‘संप्रेरकांचा खेळ’ म्हणून सोडून देऊ नये, विशेषतः पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असेल तर.

वाफा कधीतरी ओसरतात. योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीची घाई आणि वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्रास मात्र आपोआप ओसरत नाहीत. उपचार न केल्यास ते वर्षागणिक वाढत जातात, कारण तिथले अस्तर इस्ट्रोजेनवरच पोसलेले असते. आणि नेमके याच विषयावर सर्वाधिक मौन असते. बायका जवळच्या मैत्रिणीला वाफांबद्दल हसत सांगतात, पण संबंध नकोसे का झाले हे नवऱ्यालाही सांगत नाहीत, आणि तो बिचारा स्वतःच्या मनाने काहीतरी अर्थ लावत बसतो. साधे वंगण आणि ओलावा टिकवणारे जेल यांनी काहींचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी तिथेच लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे क्रीम किंवा गोळी असते. तिचा अंश रक्तात फारच थोडा उतरतो, त्यामुळे तोंडाने घ्यायच्या संप्रेरकांची भीती तिला लावणे बरोबर नाही. मूत्रसंसर्गाचे प्रमाणही तिने घटते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असल्यास मात्र आधी त्या तज्ज्ञांशी बोलावे.

संप्रेरक-उपचारांची जी भीती आज सर्वदूर आहे तिचा उगम मुख्यतः २००२ सालातला आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध) एकत्र देणारा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला, आणि जगभर असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. मथळ्यांत न आलेली गोष्ट अशी, की त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. स्तनाच्या कर्करोगाची वाढ वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ८ इतकी होती, आणि त्याच हिशेबात खुब्याचे हाड मोडण्याच्या घटना ५ ने कमी होत्या. धोका खोटा नव्हता, पण तो कुणाला आणि किती हे सांगितले गेले नाही. पुढील विश्लेषणांनंतर आज सर्वसाधारण मत असे आहे, की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षे झालेली नसतील, त्रास जाच करण्याइतका असेल आणि आरोग्याची विशेष अडचण नसेल, तर फायद्याचे पारडे सहसा जड असते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखे औषध द्यावेच लागते, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि त्वचेवरच्या पट्टीतून किंवा जेलमधून घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, गुठळ्या, यकृताचा गंभीर विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हा मार्ग सहसा बंद असतो. तेव्हा नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत, गॅबापेंटिन, किंवा हायपोथॅलॅमसमधील त्या यंत्रणेवरच काम करणारे आणि २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट हे पर्याय विचारात घेतले जातात; शेवटच्या औषधाबरोबर यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांवर माझा विश्वास नाही. सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन या इस्ट्रोजेनसारख्या घटकांवरील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि ब्लॅक कोहॉश या वनस्पतीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली आहेत.

हाडांचे दुखणे असे, की ते दुखतच नाही. शेवटच्या पाळीच्या मागेपुढे हाडांची झीज वेगाने होते आणि मोडेपर्यंत कळत नाही. म्हणून स्वतःचे वजन पेलणारा आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आहारातून पुरेसे कॅल्शियम (पन्नाशीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम) आणि ड जीवनसत्त्व यांची सोय वाफा थांबण्याची वाट न पाहता करावी. नुसते चालणे पुरत नाही.

‘पिशवी काढली, आता सुटले’ असे म्हणणाऱ्यांनी बीजांडकोश ठेवले की काढले हे आपल्या कागदपत्रांत पाहून घ्यावे. दोन्ही काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि अशी एकाएकी आलेली रजोनिवृत्ती सहसा अधिक तीव्र असते. ठेवले असतील तर पाळी नसूनही संप्रेरकांचा चढउतार पुढे यायचाच असतो, फक्त तो ओळखायला पाळीची खूण उरत नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत, हेही खरे नाही: शेवटची पाळी पन्नाशीआधी आली असेल तर पुढे दोन वर्षे, आणि नंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

आणि वर्षभर पाळी न आल्यानंतर रक्ताचा एक डाग दिसला तरी ‘पाळी परत आली असेल’ असे समजून थांबू नये. बहुतेक वेळा कारण साधेच निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते. डॉक्टर आतून तपासतात, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, आणि ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा रक्त पुन्हा दिसले तर अस्तराचा नमुना तपासणीला पाठवतात.