छोट्या रणात स्वतःची गाडी नेऊ नका (आम्ही नेली)

आधीच सांगते, कच्छच्या छोट्या रणातल्या अभयारण्यात घुडखर, म्हणजे तिथली रानगाढवं, दिसतात. परत आल्यापासून चार जणांनी तेच विचारलं म्हणून. बजाणाच्या बाजूने जीप आत शिरली आणि पंधरा मिनिटांत आठ-दहांचा कळप, मग दिवसभर दिसतच राहिले, शेवटी शेवटी तर दीर मोबाईलसुद्धा बाहेर काढेना. तो विषय इथेच संपला. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या चिखलाबद्दल आणि ट्रॅक्टरवाल्याबद्दल.

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार-रविवार होता. बडोद्याहून पहाटे पाचला निघालो, एक्सप्रेस-वेने अहमदाबाद, मग साणंद, विरमगाम, पाटडी. गाडीत हे, मी, दीर आणि सासूबाई. रस्ता चांगला आहे, काही लिहिण्यासारखं नाही. मुक्काम दसाड्याजवळ.

जीपचं मात्र ऐका. फोनवर आम्हाला "बधुं आवी गयुं एमां" (त्यात सगळं आलं) असं सांगितलं होतं, आणि गेटवर पोचल्यावर परमिट वेगळं, गाईड वेगळा, कॅमेऱ्याचे वेगळे. हजारभर रुपये वर गेले. तर फोनवर "सगळं धरून ना?" असं विचारू नका, प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बाकी गाईड पोरगा हुशार होता, पैसे वसूल. त्याने दाखवलं नसतं तर आम्हाला कोल्हा म्हणजे मातीचं ढेकूळच वाटलं असतं. घुडखराला "गाढव" म्हटलं की ह्या पोराला राग यायचा. अभयारण्य ४,९५४ चौरस किलोमीटर आहे, १९६० च्या दशकात रोगांनी हा प्राणी काही शेकड्यांवर आला होता आणि २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरले. जगात बाकी कुठेच इतके नाहीत. शेतकरी मात्र खूश नाहीत, रात्री जिऱ्यात नि कपाशीत शिरतात म्हणे.

पाण्याच्या बाजूला रोहित पक्षी होते, गुजरातीत सुरखाब. फोटोत दाखवतात तसे पायाशी येत नाहीत, लांब गुलाबी रेघ दिसते आणि ती रेघ मध्येच हलते. दुर्बीण नसेल तर त्यांच्यासाठी वेगळे पैसे घालू नका. कुंज (क्रौंच) पक्ष्यांचा मात्र आवाजच पुरतो, संध्याकाळी डोक्यावरून ओरडत जातात, सासूबाई जीपमध्ये उभ्याच राहिल्या.

आता रविवार. आमच्या शेजारच्या बेननी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की एवढं जाताय तर वच्छराज दादाचं दर्शन घेऊन या. हा वच्छराज म्हणजे लग्नाच्या फेऱ्यांमधून उठून गाई सोडवायला गेला आणि तिथेच पडला, त्याचं देऊळ रणातल्या बेटावर आहे, मोठी गोशाळाही आहे. बेट म्हणजे पाण्यातलं नाही, पावसाळ्यात आजूबाजूला सगळं भरतं आणि हे उंचवटे कोरडे राहतात म्हणून बेट. जायचं झिंझुवाड्याहून. झिंझुवाड्याच्या जुन्या कोरीव वेशी बघण्यासारख्या आहेत, सोलंकी काळातल्या, तिथे तासभर काढा, आम्ही घाईत दहा मिनिटं काढली.

घाई कारण चहावाला म्हणाला, "रस्तो सूको छे, लई जाओ." (रस्ता कोरडा आहे, न्या गाडी.) लोक बाईकवर जात होते हे खरं. पण बाईकची चाकोरी आणि गाडीची चाकोरी एक नसते, हे चहावाल्याने सांगितलं नाही आणि आमच्या ह्यांनी विचारलं नाही. गुगलवर तर सगळं पांढरंच दिसतं.

तर ही जमीन कशी असते ते सांगते. वरून पांढरी, तडे गेलेली, फरशी वाटावी अशी. पाय टाकला की पापडीसारखी मोडते आणि खाली काळा, गार, चिकट गाळ. नद्यांचं पाणी पावसाळ्यात इथे येऊन साचतं, त्यात समुद्राचं मिसळतं, आणि खालची चिकणमाती ते महिनोन्महिने सोडत नाही. वरचा थर मात्र उन्हाने चार दिवसांत वाळतो. म्हणजे सगळ्यात फसवा महिना नोव्हेंबरच, आणि आम्ही नेमका तोच निवडला. गाडी आधी हळू झाली, मग ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला (हे करू नका!) आणि पुढची दोन्ही चाकं बसली ती बसलीच. मी उतरले तर चप्पल आत राहिली, पाय वर. ती अजून तिथेच आहे.

नेटवर्क नाही. लांब एक अगरियांचं झोपडं दिसत होतं, दीर आणि मी चालत गेलो. जवळ वाटतं, पाऊण तास लागला, मृगजळात झोपडं कधी तरंगतं कधी गायब. ही माणसं पावसाळा संपला की कुटुंबासकट इथे येतात, विहीर खणून खारं पाणी उपसतात, पाट्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, मीठ पिकवतात आणि उन्हाळ्यात परत जातात. बाईंनी न विचारता चहा टाकला. त्यांच्या हातांच्या भेगांत मीठ पांढरं बसलेलं, कप धरताना दिसत होतं. प्यायचं पाणी टँकरने येतं तरी आम्हाला तांब्याभर दिलं, पैसे घेतले नाहीत.

गाडी ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने मात्र घेतले. आधी चार हजार म्हणाला. दहा मिनिटांचं काम! शेवटी अडीच हजारांवर आला, कारण सासूबाई गाडीतून उतरून त्याच्याशी शुद्ध काठियावाडी टोनमध्ये भांडल्या, चाळीस वर्षं दांडिया बाजारात भाजी घेतल्याचा उपयोग. मला अजूनही वाटतं की दीड हजारच रास्त होते. हे म्हणतात सोड आता. दर्शन राहिलं ते राहिलंच.

जाणार असाल तर: १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं, त्यात जाऊच नका. पक्षी हवेत तर डिसेंबर-जानेवारी. बेटावर जायचं असेल तर जानेवारीनंतर, तेही रोज जाणाऱ्या गावातल्या जीपने, गावकरी म्हणाले तरी स्वतःची छोटी गाडी नाही. भाडं जास्त वाटेल, आमच्या ट्रॅक्टरपेक्षा कमीच पडेल. पेट्रोल पाटडीत भरा. पाणी माणशी तीन लिटर, खाकरे, टोपी, आणि चपला नाही, बूट. सकाळी जीपवर थंडी वाजते, दुपारी कातडी भाजते, त्यामुळे स्वेटर आणि सुती दोन्ही.

आणि गाडी त्याच दिवशी धुवून घ्या, मीठ पत्रा खातं. आम्ही दमून मंगळवारपर्यंत तशीच ठेवली. मग धुणाऱ्याकडे नेली तर त्याने खाली वाकून बघितलं आणि नेहमीच्या साडेतीनशेचे सहाशे मागितले. दिले.